पिस्टनच्या काठाला चांदी

दोन कार्बोरेटरची गाडी म्हटली की माणूस पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारतो. मी खरा आकडा सांगतो. गावात सात, हायवेला नऊ, तेही ड्रायव्हर शांत असला तर. कोल्हापुरात शांत ड्रायव्हर मिळण्याची शक्यता बघता सातच धरा. यावर निम्मी गिऱ्हाइकं चहा पिऊन निघून जातात. उरतात ती माझी गिऱ्हाइकं.

माझा गाळा उद्यमनगरात आहे. जुन्या गाड्यांचा पत्रा, रंग, गादीकाम करणारी माझ्यापेक्षा हुशार माणसं या गावात आहेत. माझ्याकडे गाडी येते ती तिचा श्वास बिघडला म्हणून. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मापात मिसळून देणारं यंत्र. वजनानं हवा पंधरा भाग, पेट्रोल एक भाग, असा साधारण हिशेब. आताच्या गाड्यांत हे काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीत ते एक पिस्टन, एक सुई आणि हवेचा दाब मिळून करत. ते अजून करू शकतात, एवढंच मला लोकांना दाखवायचं असतं.

दोन कार्बोरेटर कशाला, हे नव्या माणसाला मी असं सांगतो. लोखंडी कपाट जिन्यावरून वर न्यायचं आहे. एकटा गडी नेईल, पण धापा टाकत. दोघे असले तर झरकन नेतील, पण दोघांचं पाऊल एकदम पडलं पाहिजे. एकानं पायरी उशिरा घेतली की कपाट भिंतीवर आपटतं, आणि दोघांपेक्षा एकटा परवडला असं वाटायला लागतं. चार सिलिंडरच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर असतात तेव्हा पुढचा पुढच्या दोन सिलिंडरना सांभाळतो, मागचा मागच्या दोघांना. त्यांची पावलं जुळवणं म्हणजे ट्यूनिंग.

हत्यार साधं आहे. हातभर रबरी नळी. तिचं एक टोक कानात धरायचं, दुसरं चालू इंजिनाच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी न्यायचं. हवा आत जाताना फुसकारा येतो. आधी पुढच्याचा ऐकायचा, मग मागच्याचा. ज्याचा आवाज मोठा त्याचा स्क्रू थोडा सोडायचा. दोन्ही फुसकारे एकसारखे झाले की हवा जुळली. मग पेट्रोल. कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनेनं किंचित उचलून बघायचा. इंजिन पळायला लागलं तर पेट्रोल जास्त आहे, बंद पडलं तर कमी आहे. नुसतं क्षणभर उचल खाऊन जागेवर आलं तर बरोबर. यासाठी आता मीटर मिळतं. माझ्याकडेही आहे. पण मी आधी नळीनं जुळवतो आणि मग मीटर लावून बघतो. माझ्या मंडळींचं म्हणणं असं की घरात कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मला कधी सांगता येत नाही, आणि लोक माझ्या कानाला मजुरी देतात हे तिला पटत नाही.

या कार्बोरेटरच्या डोक्यावर घुमटासारखी एक ॲल्युमिनियमची टोपी असते आणि तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनचा वरचा भाग थाळीसारखा असतो. गंमत अशी की थाळी घुमटाला कुठेच टेकत नाही. मध्ये सगळीकडून सारखी, केसाएवढी फट असते. ती फट कारखान्यात त्या पिस्टनला त्या घुमटाशी बसवून ठेवलेली असते, म्हणून एकाचा घुमट दुसऱ्याला चालत नाही. हे ठाऊक नसल्यानं किती जोड्या वाया गेल्या याची मोजदाद नाही. कसबा बावड्याच्या एका घरी मी असा घुमट देवघरात बघितला. वरच्या भोकात उदबत्ती खोचली होती. त्याचा जोडीदार कुठे आहे म्हणून विचारलं, तर भंगारात गेला म्हणाले. त्या घरचा चहा मला गोड लागला नाही.

आता ज्या कामाबद्दल लिहायचं आहे त्याकडे येतो.

हुपरीला चांदीचा धंदा घरोघर आहे. तिथलं एक जैन कुटुंब. पैंजण, करंडे, पूजेची भांडी करणारं. वडील आप्पा, वय पंचाहत्तरच्या पुढचं, आणि मुलगा सन्मती, आता सगळा व्यवहार बघणारा. त्यांच्याकडे आप्पांच्या वडिलांनी घेतलेली एक इंग्लिश मोटार. काळी, चार दरवाजांची, दोन कार्बोरेटरची. मध्यंतरी कुणीतरी मेस्त्रीनं दोन्ही काढून देशी गाडीचा एकच कार्बोरेटर पट्टी वेल्ड करून बसवला होता. गाडी सपाटीला चाले. चढ आला की दम सोडे. पन्हाळ्याला निघाली आणि टोचन लावून परत आली, असं दोनदा झालं होतं. दुसऱ्या वेळी आप्पा गाडीत होते.

सन्मती गाळ्यात आला तेव्हा त्यानं काही लपवलं नाही. घरामागची शेड त्याला नव्या मशिनसाठी हवी होती, आणि पुण्याचा एक हौशी माणूस गाडी आहे तशी घ्यायला तयार होता. आप्पांची विकायला तयारी नव्हती. शेवटी बापलेकांत असं ठरलं की जुने कार्बोरेटर माळ्यावर आहेत, ते बसवून बघायचे. गाडी आपल्या ताकदीनं पन्हाळा चढली तर ठेवायची, नाही चढली तर द्यायची.

पन्हाळाच का, असं मी विचारलं. त्या घाटात आप्पांना त्यांच्या वडिलांनी गाडी शिकवली होती.

"मेस्त्री, मी इकायच्या बाजूचा हाय," सन्मती म्हणाला. "पण काम खोटं करू नका. चढायची आसंल तर चढू दे."

असं गिऱ्हाईक मला आवडतं. मी होकार दिला.

गाडी आली, आणि सोबत एक पिशवी. पिशवीत मऊ पांढऱ्या कापडात गुंडाळलेले दोन कार्बोरेटर, सुटे केलेले. चांदीचा दागिना जसा गुंडाळतात तसा प्रत्येक भाग वेगळा. कापड उलगडलं आणि मी बघतच राहिलो. घुमटांत माझा चेहरा दिसत होता. पितळेचे पिस्टन सोन्यासारखे चमकत होते. पुढचा कुठला, मागचा कुठला, याच्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधलेल्या. माळ्यावरून आलेला माल धूळ, वार्निश आणि गंज घेऊन येतो. हा तर लग्नाच्या आहेरासारखा आला होता. आप्पांनी स्वतः साफ केलंय, असं सन्मतीनं सांगितलं, आणि जोड्या अदलाबदल झालेल्या नाहीत हे बघून माझं समाधान झालं.

बसवण्याचं काम महिनाभर चाललं. कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं मूळ नळकांडं माळ्यावरच सापडलं होतं, पण त्याचं तोंड वाकडं झालं होतं. शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या एका शॉपमध्ये ते घासून सपाट करून घेतलं. दोन कार्बोरेटरच्या झडपा एकत्र उघडणारा मधला दांडा हरवला होता, तो लेथवर नवा केला. उष्णता अडवणाऱ्या फायबरच्या पॅकिंग कापल्या. झडपांच्या दांड्यांना खेळ होता, तिथं बुश ठोकले, कारण तिथून चोरून हवा आत गेली तर पुढचं सगळं मोजमाप फुकट जातं. मग व्हॉल्व्हची फट, पॉइंट, प्लग, टायमिंग. हे सगळं आधी जागेवर पाहिजे. बरेच जण कार्बोरेटरपासून सुरुवात करतात आणि इग्निशनची चूक स्क्रूनं झाकत बसतात.

गाडी पहिल्याच दमात सुरू झाली. नळी लावली, हवा जुळवली, पिना उचलून पेट्रोल जुळवलं. उभ्या जागी इंजिन असं चालत होतं की बोनेटवर ठेवलेला चहाचा कप हलत नव्हता. शेजारच्या गाळ्यातले दोघे-तिघे बघायला आले. मी मीटर लावलं, दोन्ही काटे एका रेषेत.

पन्हाळा रोडला माझी चाचणी ठरलेली आहे. वाघबीळच्या पुढचा चढ लागला, मी गाडी तिसऱ्यात ठेवून पाय दाबला, आणि गाडी खोकली. मिसिंग, मग एक झटका, मग पुन्हा मिसिंग. पाय सोडला की शहाणी. दाबला की एक गडी वर, एक गडी खाली. कपाट भिंतीवर आपटलं.

परत आलो. पॅकिंग बदलल्या. पेट्रोल पंप तपासला. फ्लोटची पातळी पुन्हा मोजली. सुया काढून नंबर बघितले, दोन्ही सारख्या. पुन्हा वाघबीळ, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीनंतर मी खुर्ची टाकून गाडीसमोर बसलो. उभ्या जागी जुळतं आणि ओझ्याखाली मोडतं, म्हणजे दोष पिस्टनच्या चढण्यात. एक पिस्टन लवकर वर जातोय, दुसरा उशिरा. आणि दोन्हींपैकी एकही अडकत तर नव्हता.

त्यासाठी एक चाचणी आहे. एरवी कार्बोरेटर साफ करताना मी ती करतो. इथं साफसफाई होऊन आली होती, म्हणून राहिली होती. पिस्टनची भोकं मेणानं बुजवायची, तो घुमटात वरपर्यंत सारायचा आणि सोडून द्यायचा. हवा त्या केसाएवढ्या फटीतूनच आत येऊ शकते, म्हणून चांगला पिस्टन सावकाश, तरंगल्यासारखा उतरतो. पाच ते सात सेकंद लागले पाहिजेत. पुढचा दोन सेकंदांत आला. मागचा एकात पडला.

फट वाढली होती, आणि दोन्हीकडे सारखी वाढली नव्हती. पिस्टन उजेडात धरला. थाळीच्या कडेला कारखान्यात पाडलेल्या बारीक रेषा असतात, त्या जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. कड आरशासारखी होती. आप्पांनी पिस्टन बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरला होता. करंड्याला पॉलिश करतात तसा आतून, बाहेरून, कडेनं, सगळीकडून. घुमट आतून वाचले, कारण बफ आत जात नव्हता. पिस्टन मात्र पूर्ण हातात येतो.

चांदीचं काम करणाऱ्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून होणार नाही. दुसऱ्या कुणी रॉकेलनं पुसून दिले असते आणि सगळं ठीक राहिलं असतं. त्यांच्या घरी वस्तूची काळजी घेणं म्हणजे तिला चकाकी आणणं.

मी सन्मतीला फोन करून जे आहे ते सांगितलं. त्यानं विचारलं की नवे पिस्टन मिळतील का. त्या घुमटाला जमणारे नवे मिळत नाहीत. इंग्लंडहून जुनी दुसरी जोडी आणता येईल, पण ती कशी निघेल याची खात्री मी देणार नाही, असं मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आप्पास्नी सांगू नका मात्र. पंधरा दिस खपून त्यांनी हातानं केलंय त्ये. डोळ्यांमुळं आता दुकानाचं काम त्यांच्याकडं देत न्हाई आम्ही. लई दिसांनी बफवर बसलेलं. गाडी जुनी झाली, चढत न्हाई, एवढंच सांगू आणि पुण्याला दिऊन टाकू."

माझी पंचाईत झाली. मुलगा बापाला जपत होता, त्यात वाईट काय होतं. पण गाडी चढत नाही, हे खोटं होतं. गाडी चढू शकत होती, तिचे पिस्टन झिजले होते. आणि ते खोटं सांगून त्या माणसाची गाडी त्याच्या दारातून जाणार होती. मी मंडळींना विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येतं का? मग कशाला नाटक करता." हा प्रश्न तिनं निकालात काढला. मी सन्मतीला कळवलं की मी हुपरीला येतोय आणि आप्पांना सांगणार आहे. त्यानं नाराजीनं का होईना, या म्हटलं.

आप्पा सोप्यात आरामखुर्चीत बसले होते. पांढरी विजार, सदरा, जाड भिंगाचा चष्मा. मी पिस्टन आणि घुमट त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवले आणि चाचणी करून दाखवली. पुढचा. मग मागचा. मग सांगितलं की हे असं का होतंय. शब्द फिरवले नाहीत. पॉलिशमध्ये कड गेली, म्हणून हवा सुटते, म्हणून गाडी चढत नाही. सन्मती दारात उभा होता, जमिनीकडे बघत.

आप्पांनी मागचा पिस्टन उचलला, अंगठा कडेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मला वाटलं, आता हे उठून आत जातील आणि विषय संपेल.

"घट किती झाली?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. सन्मतीनं सांगितलं की पॉलिशला, वितळवायला, घासायला दिलेल्या मालाचं जे वजन कमी होऊन येतं त्याला घट म्हणतात. त्यांच्या धंद्याचा सगळा हिशेब घटीवर चालतो. वजन केल्याशिवाय कुठलीही वस्तू बफवर चढत नाही.

मी म्हणालो, आप्पा, आधीचं वजन माहीत असल्याशिवाय घट कशी काढणार?

"आधीचं वजन म्हाईत न्हाई आसं कसं हुईल?" ते चिडूनच म्हणाले. "मेस्त्री, मी काय आज बसलोय व्हय ह्या धंद्यात? पुढचा तीनशे बेचाळीस ग्रॅम चारशे मिलीग्रॅम. मागचा तीनशे बेचाळीस दोनशे. काटा आणा रं."

सन्मती काटा घेऊन आला. पुढच्या पिस्टनची घट अडीच ग्रॅमच्या वर भरली, मागच्याची पावणेचारच्या आसपास. मागच्याला डाग जास्त होते, म्हणून जास्त वेळ धरला, असं आप्पांनी स्वतःच सांगितलं.

इथून पुढचे दोन तास मी जे केलं त्याचं मला अजून समाधान वाटतं. वजन मिळालं म्हणजे गेलेलं पितळ मिळालं. पिस्टनचा सगळा पृष्ठभाग मी पट्टीनं मोजून काढला, तुकड्यातुकड्यानं, आणि भागाकार केला. सरासरी थर निघाला. पण बफ सपाट जागेपेक्षा कडेला जास्त खातो. किती, असं आप्पांना विचारलं. दीडपट धरा, म्हणाले. त्याप्रमाणे पुढच्याच्या कडेचे तीस मायक्रॉन गेले होते, मागच्याचे पंचेचाळीस. माणसाचा केस सत्तरच्या आसपास असतो. पडताळा म्हणून दोन्ही थाळ्यांचा व्यास मायक्रोमीटरनं मोजला. व्यासात दोन्ही बाजूंची कड येते, म्हणून हिशेबानं त्यांच्यात पंधराच्या दुप्पट, तीस मायक्रॉनचा फरक यायला हवा होता. अठ्ठावीस आला. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजला. अठ्ठावीसच.

आप्पा माझ्या कागदाकडे बघत नव्हते. ते पिस्टनकडे बघत होते.

"एवढंच गेलंय नव्हं?" ते म्हणाले. "मग चढवू की परत."

"पितळ कसं चढवणार, आप्पा?"

"पितळ कोण म्हणालं? चांदी चढवू."

मला हे सुचलं नव्हतं. पण ते बरोबर होतं. मुलाम्याची, म्हणजे विजेनं चांदी चढवायची, कढई त्यांच्या घरात होती, पितळेवर चांदी उत्तम बसते, आणि ही कड कशालाच घासत नसल्यामुळे चांदी झिजण्याचा प्रश्न नव्हता. मी होकार देईपर्यंत त्यांनी सन्मतीला लाख वितळवायला सांगितली होती. कडेखेरीज बाकीचा पिस्टन लाखेनं झाकायचा, म्हणजे चांदी हवी तिथंच बसेल.

सन्मती मला बाजूला घेऊन म्हणाला की आप्पांना दिसत नाही, कारागीर बसवतो. मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "सन्मती, कान शाबूत हाईत माझं."

मुलाम्याला आप्पाच बसले. माणूस कमी बघतो म्हणजे कमी जाणतो असं नाही, हे मी त्या दिवशी जवळून बघितलं. विजेचा प्रवाह इतका बारीक ठेवला होता की कारागीर कंटाळले. जाड थर घाईनं दिला तर फोड येतात, असं आप्पा म्हणत. मध्येच पिस्टन काढायचा, धुवायचा, वाळवायचा, वजन करायचं, आणि अजून किती मिली पाहिजे ते बोटावर सांगायचं. कड भरून आली की मी तिथंच चाचणी घेत होतो. तीन सेकंद. परत कढईत. चार. परत. मागच्याला जास्त वेळ लागला. संध्याकाळी पुढचा पिस्टन घुमटातून सहा सेकंदांत उतरला. दुसऱ्या दिवशी दुपारी मागचाही सहात उतरला, आणि सन्मतीनं मोबाइल लावून दोघांची वेळ पुन्हा पुन्हा घेतली, कारण त्याला माझ्या घड्याळावर विश्वास नव्हता.

मुलाम्यातून निघालेली चांदी पांढरी, मंद असते, चुना लावल्यासारखी. चकाकी तिला नंतर आणतात. आप्पा पिस्टन हातात फिरवत होते आणि त्यांचा अंगठा कडेवर अस्वस्थ होत होता.

"आप्पा," मी म्हणालो, "आता पॉलिश न्हाई."

"न्हाई, न्हाई. हात बांधून बसतो मी." मग थोड्या वेळानं, "पण दिसाय बरं न्हाई दिसत ह्ये."

घुमटाच्या आत असतं, कुणाला दिसणार नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी जे माझ्याकडे बघितलं, त्यावरून हुपरीच्या कारागिराला असं सांगू नये हे मला समजलं.

पिस्टन बसवले. नळी लावली. हवा जुळवली, पेट्रोल जुळवलं, मीटर लावून बघितलं. मी एकटाच वाघबीळला जाऊन आलो आणि तिथं काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. सन्मतीला एवढंच म्हणालो की उद्या सकाळी तिघे जाऊ.

गाडी आप्पा चालवणार हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. सन्मती घाबरला होता. मी शेजारी बसतो, हँडब्रेक माझ्या हाताशी आहे, असं सांगून त्याला मागं बसवलं. केर्लीपर्यंत आप्पा अशा वेगानं गेले की सायकली पुढं जात होत्या. मागून हॉर्न वाजत होते आणि ते ऐकू येत नसल्यासारखं करत होते. वाघबीळला चढ लागला. त्यांनी गिअर बदलला, आणि मग वडिलांनी शिकवल्यासारखा पाय दाबला, हळू, न थांबता, खाली खाली.

दोन्ही पिस्टन एकदम उठले. ते दिसत नाही, पण कळतं. आवाज एका पट्टीतून दुसरीत जातो, मध्ये खाच राहत नाही. गाडीनं मागून कुणी हात लावल्यासारखा चढ घेतला. मी गुडघ्यावर बोटं धरून बसलो होतो, मिसिंग मोजायला. मोजायला काही मिळालं नाही. वळणावर एक ट्रॅक्टर होता. आप्पांनी त्याला मागं टाकलं, आणि मागच्या सीटवरून सन्मतीचा श्वास ऐकू आला.

पन्हाळ्यावर तीन दरवाजाच्या बाजूला जिथं गाड्या लावतात तिथं आप्पांनी गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून बोनेट उघडलं आणि ऐकत उभे राहिले. मी नळी पुढं केली. त्यांनी ती कानाला लावली, आधी पुढच्या तोंडाशी, मग मागच्या, मग परत पुढच्या. मान हलवली. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि दगडी कट्ट्यावर जाऊन बसले.

सन्मती थोडा लांब जाऊन फोनवर बोलत होता. वारा आमच्याकडे येत होता, म्हणून ऐकू आलं. पुण्याचा माणूस असणार.

"न्हाई ओ, रेटचा प्रश्न न्हाई," तो सांगत होता. "वाढवून दिऊ नका तुमी. गाडी चालाय लागली, म्हणून."

पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी म्हणत असावा. सन्मतीनं ऐकून घेतलं, आणि शेवटी पुन्हा तेवढंच म्हणाला, "चालाय लागली, म्हणून."

आप्पांनी वर बघितलं नाही. चष्म्याची भिंगं सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. सन्मती परत आला, गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बघितले, ज्या गोष्टींत त्याला काही कळत नाही त्या सगळ्या बघितल्या. मग म्हणाला, "आप्पा, खाली जाताना मी चालवू?"

त्यानं ती गाडी कधी चालवली नव्हती. कधी मागितलीही नव्हती.

आप्पांनी किल्ली खिशातून काढली आणि त्याच्या हातात देता देता म्हणाले, "चोक वढू नको. इंजन गरम हाय."

मग दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसले.